गळा सामान्यांचा, घंटा सर्वांची: ‘नोदो जिमान’ची 80 वर्षे

15 ऑगस्ट 1945 च्या दुपारी बारा वाजता टोकियोच्या उचिसाइवाइचो भागातल्या प्रसारण भवनातून सम्राट हिरोहितो यांचे ध्वनिमुद्रित भाषण रेडिओवर लागले. सामान्य जपानी माणसाच्या कानावर सम्राटाचा आवाज पडण्याची ती पहिलीच वेळ, आणि ऐकायला मिळाली ती शरणागतीची घोषणा. त्यानंतर पाच महिन्यांनी, 19 जानेवारी 1946 च्या शनिवारी संध्याकाळी, एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने तोच रेडिओ रस्त्यावरच्या माणसाच्या गळ्यासाठी खुला केला. कार्यक्रमाचे नाव होते ‘नोदो जिमान शिरोतो ओंगाकुकाई’, म्हणजे आपल्या गळ्याचा अभिमान असलेल्या हौशी मंडळींची संगीत सभा. पुढे ते आटोपशीर होऊन ‘एनएचके नोदो जिमान’ झाले. जपानमध्ये 19 जानेवारी हा दिवस ‘नोदो जिमान दिन’ म्हणून ओळखला जातो. 2026 च्या 19 जानेवारीला या कार्यक्रमाची 80 वर्षे पूर्ण होतात.

जपानच्या लोकसंख्येत 65 वर्षांवरील माणसांचे प्रमाण आज 29 टक्क्यांच्या घरात आहे. जुनी, उमेद देणारी गाणी या मंडळींपर्यंत पोहोचवणारे कार्यक्रम तिथे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काहींचा उल्लेख पुढे येईल. तरी वाटचाल लिहायची तर ती ‘नोदो जिमान’चीच, असे मला ठामपणे वाटते. बाकीच्यांनी ही गाणी लोकांना ऐकवली. ‘नोदो जिमान’ने ती लोकांकडून गाऊन घेतली, आणि तीही आठवड्यामागून आठवडे, गावोगाव जाऊन. साठ वर्षांपूर्वीचे गाणे ऐंशीच्या माणसाला अजून हुशारी देत असेल, तर त्यामागे या पायंड्याचा मोठा वाटा आहे.

कल्पना पुढे नेणाऱ्यांत अग्रभागी होते एनएचकेचे निर्माते मारुयामा तेत्सुओ. (जपानी नावे मी तिकडच्या रीतीने, आडनाव आधी, अशीच लिहितो आहे.) राजकीय विचारवंत मारुयामा मासाओ यांचे हे थोरले बंधू. धाकट्याने युद्धोत्तर जपानला लोकशाहीचा विचार दिला, थोरल्याने लोकांच्या हाती मायक्रोफोन दिला. एका घरातून निघालेल्या या दोन कामांत मला तरी नाते दिसते. 1946 चा तो हिवाळा उपासमारीचा होता. टोकियोचा मोठा भाग बेचिराख झालेला, रेशनचे धान्य वेळेवर मिळायचे नाही, काळ्या बाजाराशिवाय चूल पेटायची नाही. युद्ध संपेपर्यंत रेडिओ म्हणजे सरकारचा, सैन्याचा आणि व्यावसायिक कलावंतांचा. अशा वेळी कोणीही या, गा आणि ते सगळ्या देशाला ऐकू जाऊ दे, असे सांगणे ही मोठीच गोष्ट होती. निकाल सुरुवातीला तोंडी सांगत. थोड्याच दिवसांत त्याची जागा घंटेने घेतली: लोखंडी चौकटीत टांगलेल्या पितळी नळ्यांवर हातोडी मारून वाजवायची, पाश्चात्त्य वाद्यवृंदात असते तशी घंटा. एक टोला पडला की गाणे थांबले. दोन पडले की थोडक्यात हुकले. आणि नळ्यांवरून हातोडी फिरून सुरांची माळ वाजली की पास. ही पद्धत आजही तशीच आहे. एनएचकेची घंटा हा जपानी कानांचा इतका ओळखीचा आवाज आहे की शाळेच्या स्नेहसंमेलनापासून कंपनीच्या सहलीपर्यंत कोणी गायला उभे राहिले की बाकीचे तोंडानेच ती वाजवतात.

सुरुवातीच्या काळात उमेदवारांच्या तोंडी सतत असलेले गाणे म्हणजे ‘रिंगो नो उता’, सफरचंदाचे गाणे. ऑक्टोबर 1945 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘सोयोकाझे’ या चित्रपटातले. शब्द सातो हाचिरो यांचे, चाल मान्जोमे तादाशी यांची, आवाज नामिकी मिचिको या तरुण गायिकेचा. लाल सफरचंद आणि निळे आकाश यापलीकडे गाण्यात फारसे काही नाही. पण ते आनंदाने गाणाऱ्या नामिकी मिचिकोची आई मार्च 1945 च्या टोकियोवरील बॉम्बहल्ल्यात गेली होती, वडील आणि भाऊही युद्धाने नेले होते. युद्धानंतरच्या जपानी उमेदीच्या गाण्यांचा स्वभाव इथेच ठरला असे मी मानतो. दुःख गाण्यात आणायचे नाही, पण गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते माहीत असते. उतारवयातल्या श्रोत्याला हे गाणे वरवरचे वाटत नाही त्याचे कारण हेच.

या कार्यक्रमाच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग ऑगस्ट 1948 मधला आहे, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. युद्ध संपताना मांचुरियात असलेल्या सुमारे 6 लाख जपानी सैनिकांना सोव्हिएत फौजांनी सायबेरियातल्या छावण्यांत नेले होते. खाणी, जंगलतोड, रेल्वेमार्ग अशी कामे, उणे तीस-चाळीस अंशांची थंडी आणि अपुरे अन्न. हजारो माणसे तिथेच गेली. जे परतत होते ते जहाजाजहाजाने, वर्षानुवर्षे. त्यातलाच एक परतलेला सैनिक, नाकामुरा कोझो, ‘नोदो जिमान’च्या मंचावर उभा राहिला आणि छावणीतले कैदी गात ते गाणे गायला. मित्रा, धीर धर, परतीचा दिवस येईल, असा त्याचा आशय. कवी कोण, संगीतकार कोण, त्याला ठाऊक नव्हते. गाणे एका छावणीतून दुसऱ्या छावणीत तोंडातोंडी गेले होते. घंटेची पूर्ण माळ वाजली. रेडिओसमोर बसलेल्या किती घरांत त्या क्षणी कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा अजून सायबेरियातच होता!

गाण्याचा शोध सुरू झाला. चाल निघाली योशिदा तादाशी या इबाराकी प्रांतातल्या तरुणाची. युद्धकाळात सैन्यात असताना त्याने ती बांधली होती. सायबेरियात मासुदा कोजी या कैद्याने तिला नवे शब्द दिले. योशिदा स्वतःही सायबेरियात कैद होता आणि त्याच वर्षी मायदेशी परतला. आपण बांधलेली चाल देशभर गाजते आहे हे त्याला परतल्यावर कळले. सप्टेंबर 1948 मध्ये ‘इकोकु नो ओका’, परदेशातली टेकडी, या नावाने व्हिक्टर कंपनीने त्याची तबकडी काढली. तिच्यावर व्यावसायिक गायक ताकेयामा इत्सुरो यांच्याबरोबर नाकामुरा कोझोचाही आवाज आहे. पुढच्या वर्षी योशिदा व्हिक्टरमध्ये संगीतकार म्हणून रुजू झाले. 1962 मध्ये याच माणसाने हाशी युकिओ आणि योशिनागा सायुरी यांच्यासाठी ‘इत्सुदेमो युमे ओ’, नेहमी स्वप्न पाहा, या युगुलगीताला चाल दिली. त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्याला मिळाला. आज जपानमधल्या कोणत्याही ज्येष्ठांच्या मेळाव्यात हे गाणे सुरू झाले की टाळ्या आपोआप पडतात. इतकी हलकी, उन्हासारखी चाल सायबेरिया पाहून आलेल्या माणसाची आहे, आणि त्याचे नाव देशाला पहिल्यांदा कळले ते एका हौशी गायकामुळे, एका रविवारच्या कार्यक्रमामुळे. जपानी लोकप्रिय संगीताच्या इतिहासात एवढे मोठे ऋण दुसऱ्या कोणत्या कार्यक्रमाचे असेल असे मला वाटत नाही.

घंटेने सगळ्यांनाच न्याय दिला असे नाही. 1946 च्या अखेरीस योकोहामाच्या चाचणीत नऊ वर्षांची एक मुलगी ‘रिंगो नो उता’ गायली. गळा उत्तम, पण लहान मुलीने मोठ्यांसारखे गावे हे परीक्षकांना रुचले नाही आणि घंटा वाजलीच नाही. ती मुलगी म्हणजे मिसोरा हिबारी, पुढे चार दशके जपानी गाण्याची सम्राज्ञी. जानेवारी 1989 मध्ये आलेले तिचे ‘कावा नो नागारे नो यो नी’, नदीच्या प्रवाहासारखे, हे गाणे ‘नोदो जिमान’मध्ये सत्तरीच्या स्त्रिया आवडीने निवडतात; 1989 च्याच जूनमध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, हिबारी गेली. हाकोदातेच्या शाळेत शिकणाऱ्या एका मुलाला दोनच टोले मिळाले होते; सूत्रसंचालक मियाता तेरू यांनी मंचावरच त्याची पाठ थोपटली आणि तेवढ्या शब्दांवर तो गायक व्हायला टोकियोला निघाला. तो किताजिमा साबुरो.

हे मियाता तेरू 1949 ते 1966 असे दीर्घकाळ कार्यक्रमाचा चेहरा होते. 1953 मध्ये एनएचकेचे दूरचित्रवाणी प्रसारण सुरू झाले तेव्हा ‘नोदो जिमान’ही पडद्यावर आला. मियाता इतके घरोघरचे झाले की 1974 मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून गेले. साठच्या दशकात मात्र कार्यक्रमाला स्पर्धेचा ताण जाणवू लागला होता. तयारीचे गळे पुढे येत आणि आजीबाई मागे राहत. 1970 मध्ये नाव आणि स्वरूप दोन्ही बदलले. कानेको तात्सुओ नावाचे निवेदक आले, ते 1987 पर्यंत राहिले. त्यांनी गाण्याइतकेच महत्त्व गाणाऱ्या माणसाला दिले. काय काम करता, कोणासाठी गाता, आज घरून कोण आले आहे? शेतकरी मातीच्या बुटांत आला तरी चालेल, मच्छीमाराने होडीचा झेंडा आणला तरी चालेल. माझ्या मते ‘नोदो जिमान’चा खरा जन्म 1970 चा. 1946 ने मायक्रोफोन उघडला, पण सूर चुकणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्यावर मानाची जागा आहे, हे 1970 नंतर पक्के झाले.

आजचा आठवडा कसा चालतो तेही सांगायला हवे. कार्यक्रम रविवारी दुपारी 12.15 ते 1, थेट प्रक्षेपण, दर आठवड्याला वेगळ्या गावाच्या सभागृहातून. स्थानिक नगरपालिका सहयजमान असते, प्रवेश मोफत, सोडतीने. गाण्याची हौस असणाऱ्यांनी पूर्वापार जोडकार्डावर नाव, वय, गाणे आणि ते का निवडले हे लिहून पाठवायचे. हल्ली अर्ज इंटरनेटवरूनही जातात. शनिवारी त्याच मंचावर चाचणी होते. 200 हून अधिक गायक किंवा गट, प्रत्येकाला मिनिटभरही मिळत नाही. क्रम लावतात तो गाण्याच्या नावाच्या अक्षरक्रमाने. त्यामुळे एकच गाणे निवडलेले सगळे पाठोपाठ येतात. म्हणजे ‘कावा नो नागारे नो यो नी’ आधी सत्तर वर्षांची परिचारिका गाते, मग अठरा वर्षांचा विद्यार्थी, मग काठी टेकत आलेले आजोबा. तेच शब्द, तीच चाल, आणि प्रत्येकाबरोबर गाण्याचे वय बदलते. दूरचित्रवाणीवर हे दिसत नाही, पण मला विचाराल तर या कार्यक्रमाचा सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. संध्याकाळपर्यंत साधारण वीस जण निवडले जातात. निवडीत गळा बघतात, पण वयांची आणि माणसांची सरमिसळही बघतात. रविवारी हे सगळे मंचावर मागे दोन ओळींत बसतात आणि पुढे गाणाऱ्यासाठी टाळ्या धरतात. एका टोल्यावर परत यावे लागलेल्या आजींचे मागच्या ओळीतली शाळकरी मुले उभे राहून स्वागत करतात, हे दृश्य दर आठवड्याचे आहे. परीक्षक मंचावर दिसतच नाहीत. दिसते फक्त घंटा. शेवटी त्या दिवसाचा विजेता आणि एक विशेष पुरस्कार. हा दुसरा पुरस्कार अनेकदा एखाद्या नव्वदीच्या गायकाकडे जातो.

आता गाण्यांकडे. सध्या पंच्याहत्तरी ओलांडलेली पिढी 1947 ते 1949 या तीन वर्षांतली, जपानच्या लोकसंख्येतली सर्वांत मोठी लाट. 1961 मध्ये ती बारा-चौदा वर्षांची होती. मानसशास्त्रज्ञ सांगतात की दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत ठळक राहतात. या पिढीच्या नशिबाने नेमका तो काळ जपानी गाण्यांचा बहराचा होता. 1961 मध्ये एनएचकेच्या ‘युमे दे आइमाशो’ या कार्यक्रमातून साकामोतो क्यू या पोरगेल्या गायकाने ‘उए ओ मुइते आरुको’, मान वर करून चालू या, हे गाणे गायले. एई रोकुसुके यांचे शब्द, नाकामुरा हाचिदाई यांची चाल. 1963 च्या जूनमध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर तीन आठवडे राहिले. जपानी भाषेतल्या दुसऱ्या गाण्याला ते साधलेले नाही. अश्रू खाली पडू नयेत म्हणून मान वर, एवढाच विचार, पण शीळ घालत, चालीच्या ठेक्यावर. साकामोतो क्यू 12 ऑगस्ट 1985 च्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेले. 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर अनेक कलावंतांनी एकेक ओळ वाटून घेऊन हेच गाणे दूरचित्रवाणीवरून गायले. निवाऱ्यात राहणाऱ्या वृद्धांना ते नव्याने शिकवावे लागले नाही.

त्याच काळातले दुसरे गाणे ‘कोको सान्नेन्सेइ’, हायस्कूलचे तिसरे वर्ष, 1963 चे, फुनाकी काझुओ यांचे. शाळा संपताना मित्रांचा निरोप, यापलीकडे त्यात काही नाही. पण त्या वर्षी जपानमधली सुमारे एक तृतीयांश मुले हायस्कूलपर्यंत पोहोचतच नव्हती. ईशान्येकडच्या खेड्यांतून पंधरा वर्षांची पोरे खास गाड्यांनी टोकियोच्या उएनो स्थानकावर उतरत आणि कारखान्यांत, दुकानांत कामाला लागत. त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. चाल देणारे एन्दो मिनोरू स्वतः गरिबीमुळे हायस्कूलला गेले नव्हते. म्हणून ‘नोदो जिमान’मध्ये एखादे निवृत्त सुतार जुन्या पद्धतीची विद्यार्थ्यांची टोपी घालून हे गाणे गातात तेव्हा ती केवळ शाळेची आठवण असेल असे समजू नये. कित्येकांसाठी ती न मिळालेली शाळा आहे. ‘मिआगेते गोरान योरु नो होशी ओ’, रात्रीचे तारे बघा, हे गाणेही मुळात 1960 च्या एका संगीत नाटकातले, दिवसा राबून रात्रशाळेत शिकणाऱ्या मुलांवरचे. या गाण्यांतला धीर ऐकणाऱ्यांनी प्रत्यक्ष जगलेला आहे.

त्याआधीच्या पिढीचे गाणे म्हणजे 1949 चे ‘आओई सान्म्याकु’, निळ्या डोंगररांगा. संगीतकार हात्तोरी र्‍योइची यांना चाल सुचली ओसाकाहून क्योटोला जाणाऱ्या गच्च भरलेल्या गाडीत. वहीत त्यांनी आकड्यांच्या स्वरलिपीत ती भराभर उतरवली, आणि शेजारच्या प्रवाशांना वाटले, हा काळ्या बाजाराचा हिशेब मांडतो आहे! बूट, छत्री, कपडे सगळेच त्या बाजारातून आणावे लागत असलेल्या देशात पहाटेच्या डोंगरांचे असे गाणे निघाले. आणि 1968 चे सुइझेन्जी कियोको यांचे ‘सान्ब्याकु-रोकुजूगो-हो नो मार्च’, 365 पावलांचे कूचगीत: पुढे तीन, मागे दोन, तरी चालत राहा. वृद्धांच्या व्यायामवर्गात या गाण्यावर अजूनही पाय उचलले जातात.

रविवारी दुपारी गाणाऱ्या या पिढीला रात्री झोप येत नाही, हेही एनएचकेने ओळखले. सप्टेंबर 1988 मध्ये सम्राट हिरोहितो अत्यवस्थ झाले तेव्हा रेडिओ रात्रभर सुरू ठेवावा लागला. बातम्यांच्या मध्ये शांत संगीत. ते थांबल्यावर श्रोत्यांनी पुन्हा मागणी केली आणि 1990 मध्ये ‘रेडिओ शिन्याबिन’, मध्यरात्रीची डाक, सुरू झाला. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत, बहुतेक निवृत्त निवेदकांच्या संथ आवाजात. त्यातला पहाटे तीनचा तास ‘निप्पोन नो उता, कोकोरो नो उता’ हा जुन्या जपानी गाण्यांचा. दुपारी मंचावर गायलेले गाणे त्या तासाला अंधारात मूळ आवाजात ऐकू येते. या कार्यक्रमाचे स्वतःचे मासिकही आहे. शिन्याबिनवर वेगळा लेख होऊ शकेल. इथे एवढेच की एनएचकेने या श्रोत्यांना दिवस आणि रात्र दोन्ही दिले.

तिसरी वाट यंत्राची. 1971 मध्ये कोबेत इनोउए दाइसुके यांनी गायकाविना नुसती साथ वाजवणारे यंत्र बनवले, त्याचे पेटंट घेतले नाही, आणि कराओके जगभर पसरले. आज जपानच्या वृद्धसेवा केंद्रांत कराओके हा दिनक्रमाचाच भाग आहे. जेवणाआधी ‘पा-ता-का-रा’ अशी अक्षरे स्पष्ट म्हणवून घेतात, ओठ, जीभ आणि घसा मोकळा व्हावा, घास गिळताना ठसका लागू नये म्हणून. मग एखादे गाणे. डॉ. हिनोहारा शिगेआकी यांनी 2001 मध्ये स्थापन झालेल्या जपानी संगीतोपचार संघटनेचे अध्यक्षपद सांभाळले, आणि स्वतः 105 वर्षे जगले. गाण्याने आजार बरा होतो असे मी म्हणणार नाही. पण वर उल्लेख केलेल्या हाशी युकिओ यांना अल्झायमर झाल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले, आणि त्यानंतरही ते मंचावर उभे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले.

याच कराओकेमुळे ‘नोदो जिमान’च्या वाटचालीतला सर्वांत वादग्रस्त बदल घडला. 2020 मध्ये कोरोनामुळे कार्यक्रम काही महिने बंद राहिला. वयस्क माणसांनी बंद सभागृहात मोकळ्या गळ्याने गाणे हीच तेव्हा धोक्याची गोष्ट होती. तो परतला. पण एप्रिल 2023 पासून मंचावरचा वाद्यवृंद काढण्यात आला आणि साथ ध्वनिमुद्रित झाली. आजच्या तरुणांची गाणी संगणकावर बांधलेली असतात, ती चार-पाच वादकांना हुबेहूब वाजवणे अवघड, असे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पुष्कळ प्रेक्षकांनी मात्र नाराजी कळवली, आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

वाद्यवृंद होता तेव्हा शनिवारच्या चाचणीत गायकाची पट्टी जागीच ठरे. एखाद्या आजी अंतऱ्याआधी अर्धी मात्रा लवकर घुसल्या तर ढोलवाला लगेच त्यांच्यामागे जाई. आजोबा कडवे विसरून थांबले तर पियानोवाला तीच ओळ पुन्हा फिरवून त्यांना हात देई. प्रेक्षकांना कळतही नसे की काही चुकले. ध्वनिमुद्रित साथ कोणासाठी थांबत नाही. विशीच्या गायकाला त्याने फरक पडत नाही, ऐंशीच्या गायकाला पडतो. साठ वर्षे मनात राहिलेले गाणे, मंचावर चढण्याचे धाडस, समोर सगळे गाव, आणि साथ पुढे निघून गेलेली. ‘नोदो जिमान’ने 1970 मध्ये जे कमावले त्याला हा बदल धक्का लावणारा आहे. निदान साठीवरच्या गायकांसाठी तरी एक पियानो मंचावर परत आणावा.

तरीही कार्यक्रम चालू आहे, गावेही बदलत आहेत आणि घंटाही वाजते आहे. जपानमधली दुपारची 12.15 ही वेळ म्हणजे आपल्याकडची रविवारी सकाळची पावणेनऊ. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे; त्यांनी वर सांगितलेली गाणी मिळवून अवश्य ऐकावीत. शब्द सोपे आहेत, उच्चार स्वच्छ आहेत, आणि ज्या पिढीशी त्यांना पुढे बोलायचे आहे तिची ओळख पाठ्यपुस्तकापेक्षा या गाण्यांत लवकर होईल.

आणि आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघाचे गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्यांना एक विनंती. ट्रॅक लावण्याआधी गावात एखादा पेटीवाला आणि तबलजी मिळतो का ते बघा. पट्टी एक-दोन सुरांनी खाली घ्या, आणि गाणारा चुकला तर साथीने त्याच्यासाठी थांबावे, एवढे त्यांना आधी सांगून ठेवा.